चेहऱ्याचा लकवा : जोर नको, आरसा हवा

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून आपोआप ओघळते. चहाचा घोट घेतानाही तेच होते. आरशात पाहावे तर तोंड एका बाजूला ओढले गेलेले, दुसऱ्या बाजूचा गाल सैल पडलेला, आणि कितीही प्रयत्न केला तरी त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटत नाही. चेहऱ्याच्या लकव्याची सुरुवात बहुधा अशीच, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होते. घरात मग एकच गडबड उडते. कोणी म्हणते वारे लागले, कोणी म्हणते झटका आला, कोणी कोमट तेलाची वाटी घेऊन येते, आणि कोणीतरी फुगे आणायला बाजारात धावते.

आज लिहायचे आहे ते मुख्यतः या फुग्यांविषयी. परंतु त्याआधी एक गोष्ट, जी फिजिओथेरपीच्या कक्षेतली नाही, तरीही सर्वांत आधी सांगावीच लागते.

तोंड अचानक वाकडे झाले, तर तो मेंदूचा पक्षाघात नाही याची खात्री डॉक्टरांनी करायची असते, घरच्यांनी नव्हे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला यासाठी एक खूण शिकवली जाते. रुग्णाला भुवया वर करायला सांगायच्या. लकवा चेहऱ्याच्या मज्जातंतूचा असेल तर त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत, कपाळ सपाट राहते. पक्षाघातात मात्र बहुधा दोन्ही बाजूंना आठ्या पडतात आणि चेहऱ्याचा फक्त खालचा भाग लोंबतो, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा मिळत असते. खूण उपयुक्त आहे, पण तिच्या भरवशावर घरी थांबू नये. हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे वा असंबद्ध होणे, तोल जाणे, एकाएकी दिसेनासे होणे, यांपैकी काहीही जोडीला असेल तर १०८ क्रमांकावरून तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला होता ती वेळ लिहून ठेवावी, आणि तोंडावाटे पाणी, गोळी काहीही देऊ नये. लक्षण केवळ चेहऱ्यापुरते असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा सल्ला ऐकू नये, मग तो घरातल्या कितीही मानाच्या व्यक्तीचा असो.

पक्षाघात नाही असे ठरले, की बहुतेक वेळा निदान होते ते ‘बेल्स पाल्सी’चे. सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ मध्ये मज्जातंतूंविषयीचा आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. पुढे या लकव्याला त्याचेच नाव मिळाले. आपल्याकडे आयुर्वेदाने तोंड वाकडे होण्याच्या विकाराचे ‘अर्दित’ या नावाने वर्णन त्याच्या कित्येक शतके आधी करून ठेवले आहे. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी चेहऱ्याची जोडी सातवी. हा मज्जातंतू कानाच्या हाडातील एका नागमोडी बोगद्यातून येतो, कानाच्या पाळीखाली बाहेर पडतो आणि गालावर पंख्यासारखा पसरून कपाळापासून हनुवटीपर्यंतच्या स्नायूंना आज्ञा पोहोचवतो. त्या बोगद्याची सर्वांत चिंचोळी जागा एक मिलिमीटरहूनही अरुंद असते. तेथे सूज आली की तिला पसरायला वाव नसतो; मज्जातंतू दाबला जातो आणि आज्ञा थांबतात. या सुजेमागे हर्पिस कुळातील, शरीरात सुप्त राहणारा विषाणू असावा असे मानले जाते. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो. वाऱ्याने लकवा होतो हे मात्र सिद्ध झालेले नाही. तेव्हा ‘एसटीत खिडकीशी का बसलात’ म्हणून आजोबांना बोल लावण्यात काही अर्थ नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत कानाच्या आत व मागे फोड आले आहेत का, हे अवश्य पाहावे. फोड आणि कानात तीव्र ठणका असेल तर ती कानाची नागीण असू शकते. तिला ‘रॅमसे हंट सिंड्रोम’ म्हणतात. तिच्यात विषाणूविरोधी औषधे लगेच सुरू करावी लागतात, आणि तिच्यातून सावरणेही बेल्स पाल्सीपेक्षा कठीण असते.

औषधाच्या बाबतीत वेळ फार मोलाची आहे. बेल्स पाल्सीत स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर त्यांचा खरा लाभ होतो. स्कॉटलंडमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर केलेली एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नऊ महिन्यांनंतर या गोळ्या घेतलेल्यांपैकी ९४.४ टक्के पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के. स्टिरॉइडने रक्तातली साखर व रक्तदाब वाढू शकतो, म्हणून मधुमेही रुग्णाने ते घाबरून टाळू नये आणि मनानेही घेऊ नये. डॉक्टरांना सारे सांगून, साखर रोज तपासत घ्यावे. ‘आधी पंधरा दिवस मालिश करून पाहू, नाहीच गुण आला तर डॉक्टर’ हा क्रम मला सर्वाधिक नुकसानकारक वाटतो, कारण त्या पंधरा दिवसांत औषधाची वेळ निघून गेलेली असते.

आता डोळा. चेहऱ्याच्या लकव्यात तोंड सर्वांच्या नजरेत भरते, पण कायमची हानी होण्याचा धोका असतो तो डोळ्याला. पापणी मिटत नाही, उघडझाप होत नाही, अश्रूंचा थर पसरत नाही, आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडून त्यावर व्रण होऊ शकतो. वयानुसार अश्रू मुळातच कमी झालेले असतात. जुना मधुमेह असेल तर त्या पडद्याची संवेदनाही मंदावलेली असू शकते, म्हणजे डोळा दुखून सूचना देईलच असे नाही. म्हणून दिवसा डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब ठरल्या वेळी घालावेत, ‘कोरडे वाटेल तेव्हा’ नव्हे. बाहेर पडताना डोळ्यांच्या कडा झाकणारा चष्मा असावा, आणि पंख्याचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नये. पंख्याने लकवा होत नसला तरी उघडा डोळा तो नक्की कोरडा करतो. रात्री मलम घालून पापणी बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच खाली आणावी, ती पूर्ण मिटली याची खात्री करावी आणि मगच कागदी चिकटपट्टी लावावी. अर्धवट मिटलेल्या पापणीवर कापसाची घडी दाबून बांधली, तर तीच घडी रात्रभर बुबुळाला घासत राहते. काळजी घेणाऱ्यांनी हे एकदा नेत्रतज्ज्ञांसमोर प्रत्यक्ष करून दाखवून तपासून घ्यावे. डोळा लाल झाला, प्रकाश सहन होईना, अंधूक दिसू लागले किंवा दुखू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

जेवणाचे प्रश्न लहान वाटतात, पण दिवसातून तीनदा समोर उभे राहतात. लकव्याच्या बाजूचा गाल अन्न दातांकडे परत ढकलू शकत नाही, त्यामुळे घास गालाच्या पिशवीत अडकून राहतो. बारीक घास, चांगल्या बाजूने चावणे, आणि जेवणानंतर बोटाने गाल आतून साफ करून चूळ भरणे, ही सवय लावावी. कवळी असेल तर ती काढून, धुऊन, हिरड्याही पुसाव्यात. पातळ आमटीपेक्षा दाट वरण, दुधात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ खिचडी सोपी पडते. बशीत ओतून चहा पिणाऱ्यांनी काही दिवस कप धरावा आणि लुळ्या ओठाला बोटाचा आधार द्यावा. जिभेच्या पुढच्या भागाची चव याच मज्जातंतूतून जाते, त्यामुळे सारेच अळणी लागू शकते. रक्तदाबाच्या रुग्णाने अशा वेळी वरून मीठ घेत राहू नये. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पाणी तोंडातून बाहेर सांडणे हे या लकव्यातले नेहमीचे लक्षण आहे. पाणी गिळताना वारंवार ठसका लागणे हे नाही. ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

आता मूळ विषयाकडे येतो. लकवा झालेला स्नायू दुबळा आहे, म्हणजे त्याला भरपूर व्यायाम द्यावा, असे कोणालाही वाटेल. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्हीच तर सांगतो, जोर लावा, आणखी दहा वेळा करा. मग चेहऱ्यालाही तोच न्याय का नको? म्हणून फुगे फुगवले जातात, शंख फुंकला जातो, दिवसभर च्युइंगम चघळले जाते, डोळे घट्ट मिटले जातात, तोंड जमेल तेवढे ताणून हसले जाते. हेतू चांगला असतो. परिणाम नेहमी चांगला होतोच असे नाही.

च्युइंगमचे सांगायचे तर चावण्याचे मुख्य स्नायू सातव्या मज्जातंतूच्या ताब्यात नसतातच, ते पाचव्याच्या ताब्यात असतात. लकव्यात ते शाबूत असतात. चघळून चघळून जबडा दुखतो; ज्या ओठाला आणि पापणीला मदत हवी त्यांच्या वाट्याला त्यातून फारसे काही येत नाही. फुगा फुगवताना हवा लुळ्या बाजूने निसटते. ती अडवण्यासाठी चांगली बाजू दुप्पट ओढते, आणि आधीच एका बाजूला गेलेले तोंड आणखी तिकडे जाते. परंतु याहून गंभीर गोष्ट पुढे आहे.

मज्जातंतूतले हजारो बारीक तंतू केवळ दबलेले असतील, तुटलेले नसतील, तर सूज उतरताच ते पुन्हा काम करू लागतात. अशा रुग्णाच्या चेहऱ्यावर बहुधा पहिल्या तीन आठवड्यांतच हालचालीची चाहूल लागते. कोपनहेगनमध्ये सतराशेहून अधिक रुग्णांचा, त्यांना कोणतेही औषध न देता, दीर्घकाळ अभ्यास झाला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ८५ टक्क्यांना तीन आठवड्यांत सुधारणा दिसू लागली होती, आणि शेवटी सुमारे ७१ टक्के पूर्ण बरे झाले. साठीनंतर पूर्ण बरे होण्याचे प्रमाण उतरते, हेही त्या अभ्यासातून दिसले. ज्यांचे तंतू आतून नष्ट झाले त्यांना मात्र ते नव्याने वाढेपर्यंत थांबावे लागते, आणि तंतू वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

वाढताना तो नेहमी आपल्या जुन्याच स्नायूपर्यंत पोहोचतो असे नाही. वाचकांपैकी अनेकांना जुन्या टेलिफोनचे ‘क्रॉस कनेक्शन’ आठवत असेल. आपण फिरवावा नातेवाइकाचा नंबर आणि पलीकडून बोलावे कुणा अनोळखी दुकानदाराने. चेहऱ्यातही तसेच घडते. ओठाकडे जायचा तंतू पापणीला जाऊन मिळतो. मग हसले की डोळा मिटतो, किंवा डोळा मिटला की ओठाचा कोपरा वर उचलला जातो. याला ‘सिनकायनेसिस’ म्हणतात. आपण त्याला जोडहालचाल म्हणू. ती साधारण तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास दिसू लागते. जोरात केलेल्या हालचालीत चेहऱ्याचे सर्व स्नायू एकदम आकसतात. त्याच काळात दिवसातून पन्नास वेळा सारा चेहरा एकत्र आवळला, तर मेंदू तेच शिकतो : हसणे म्हणजे डोळाही मिटणे. जोडहालचाल निव्वळ फुग्यांमुळे होते असे म्हणता येणार नाही, तिचे मूळ तंतूंच्या चुकीच्या जोडणीत आहे. परंतु ती पक्की करायची की सैल ठेवायची, यात सरावाच्या रीतीचा मोठा वाटा असतो.

सत्तरीच्या घरातल्या एका आजी माझ्याकडे आल्या, तेव्हा लकवा होऊन आठ महिने झाले होते. मुलाने फार प्रेमाने फुग्यांची पाकिटे आणून दिली होती, आणि त्यांनीही एक दिवस चुकवला नव्हता. त्यांचा चेहरा आता लुळा नव्हता, उलट ताठ झाला होता. गाल आखडलेला, हनुवटीवर खळगे, आणि घास चावताना डावा डोळा मिटून जायचा. ‘जेवताना मी डोळे मारते असे वाटते हो,’ असे त्यांनी हसून सांगितले, आणि तो डोळा खरोखरच मिटला. भजनी मंडळात जाणे त्यांनी याच कारणाने सोडले होते. पहिले काम होते फुगे बंद करण्याचे. ‘मग मी करू काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण त्यांच्या दृष्टीने व्यायाम बंद म्हणजे आशा बंद. वर्षभराच्या हळुवार सरावानंतर मंद स्मित करताना डोळा उघडा राहू लागला. खळखळून हसताना तो आजही मिटतो. त्या पुन्हा भजनाला जातात, पहिल्या रांगेत मात्र बसत नाहीत.

मग करायचे काय? पहिल्या काही आठवड्यांत, चेहरा पूर्ण लुळा असताना, फार थोडे. डोळ्याची निगा, पुरेशी विश्रांती, आणि हलका हात. लकव्याच्या बाजूला ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे, वरच्या दिशेने, तळहाताने अगदी सावकाश गाल उचलावा. चांगली बाजू ओढून ओढून थकलेली असते, तिला नाकाकडे, मधल्या रेषेच्या दिशेने सैल करावे. तेल चालेल, थेंबभर. डोळ्यात जाणार नाही इतके. रगडणे नको. गरम शेक देण्याची हौस असेल तर कोमट कापडावर थांबावे, कारण ज्येष्ठांची त्वचा लवकर भाजते.

ओठाचा कोपरा किंवा भुवई किंचित हलू लागली की आरसा घ्यावा. आरशाचे कारण मोठे रंजक आहे. हातापायांच्या स्नायूंत ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते, म्हणून डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळते. चेहऱ्याच्या बहुतेक स्नायूंत ती यंत्रणा जवळजवळ नसते. आपण किती हसलो हे चेहऱ्याला स्वतःला नीट कळत नाही, ते डोळ्यांनी पाहूनच सांगावे लागते.

आरसा चेहरा पूर्ण दिसेल एवढा मोठा असावा आणि टेबलावर टेकवलेला असावा, हातात धरलेला नको. उजेड समोरून यावा. मान टेकवता येईल अशी खुर्ची, डोळ्यावर नेहमीचा चष्मा, तोंडात कवळी, एवढी तयारी करून आधी अर्धा मिनिट चेहरा सैल सोडावा. मग एक हालचाल निवडावी, समजा मिटल्या ओठांचे स्मित. ते इतके लहान करावे की समोर बसलेल्याला कदाचित दिसणारही नाही. चांगली बाजू पुढे धावू लागली की थांबावे, तिला बोटाने धरून ठेवावे आणि दुबळ्या बाजूला दुसऱ्या बोटाने आधार द्यावा. दोन्ही कोपरे सारखे हलले ती हालचाल खरी; मोठी पण वाकडी ती नव्हे. पाच वेळा, फार तर दहा वेळा, आणि मध्ये विश्रांती. दिवसातून दोन किंवा तीनदा, पाच-दहा मिनिटे. थकवा आला की स्नायू हट्टाने चुकीचे करू लागतात.

डोळा मिटण्याचा सराव करताना आधी नजर खाली, मांडीकडे न्यावी. पापणी तिच्या मागोमाग सहज उतरते. मग हलकेच मिटावा, कधीही आवळू नये. भुवईसाठी तिच्यावर बोट ठेवून ती सावकाश वर सरकवावी आणि आपणही तिच्यासोबत प्रयत्न करावा. ओठांसाठी आपल्या वर्णमालेसारखे साधन नाही. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, दोन्ही ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. लकव्यात नेमके हेच निसटतात, पापडाचा ‘प’ फुसका निघतो. आरशात पाहत, एकेक अक्षर तोलून, दोन्ही ओठ सारखे मिटतात का हे बघत म्हणावे. नामजप करणाऱ्यांना सांगायला हरकत नाही की ‘राम’ म्हणताना ओठ मिटतात, ‘हरी’ म्हणताना मिटत नाहीत. निवड ज्याची त्याने करावी.

जोडहालचाल दिसू लागली असेल तर सरावाचा रोख बदलतो. आता स्नायूला बळ देणे हे काम नसून दोन हालचालींची फारकत करणे हे काम असते. डोळा मिटू लागण्याच्या अलीकडे थांबेल एवढेच स्मित करायचे, आखडलेला गाल आतून-बाहेरून दोन बोटांत धरून हलका ताणायचा, आणि दिवसातून अनेकदा नुसता चेहरा सैल सोडायचा. हा सराव पुस्तक वाचून करू नये. चेहऱ्याच्या पुनर्वसनाचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून तो शिकावा आणि महिन्या-दीड महिन्याने तपासून घ्यावा.

चेहऱ्याला विजेचा प्रवाह देण्याविषयी वाचक हमखास विचारतात. आपल्याकडे ‘करंट लावणे’ म्हणजेच फिजिओथेरपी, अशी समजूत आहे, आणि ती पसरण्यास आम्ही व्यावसायिकही जबाबदार आहोत. २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेने या विषयावरील चाचण्यांचा आढावा घेतला. विद्युत उत्तेजनाने ठोस फायदा होतो असा भरवशाचा पुरावा त्यात सापडला नाही. रुग्णानुरूप आखलेल्या व्यायामांचा मध्यम लकव्यात आणि जुनाट लकव्यात उपयोग होऊ शकतो, असे मात्र आढळले. जोडहालचाल वाढेल या शंकेने कित्येक तज्ज्ञ चेहऱ्यावर वीज वापरत नाहीत, आणि माझाही कल तिकडेच आहे. कोणी सुचवलेच, तर कशासाठी, किती दिवस आणि फरक कसा मोजणार, हे तीन प्रश्न विचारावेत. पेसमेकर बसवलेला असेल तर ते आधीच सांगावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी याहून अवघड भाग वेगळाच आहे. आपण घरातल्या माणसाचे मन त्याच्या चेहऱ्यावरून वाचत आलेलो असतो, आणि तोच चेहरा आता चुकीची बातमी देतो. आई रागावलेली दिसते. ती रागावलेली नसते. बाबांना आनंद झालेला असतो. तो अर्ध्याच चेहऱ्यावर उमटतो. म्हणून चेहऱ्यावरून अंदाज न बांधता सरळ विचारावे, ‘बाबा, दुखतंय का? कंटाळा आला का?’ भेटायला आलेल्यांपैकी कोणी ‘हसून दाखवा बघू’ म्हणाले, तर त्यांना तिथेच हळूच थांबवावे. ती चाचणी डॉक्टरांच्या खोलीत शोभते, बैठकीत नाही. घरातले सारे आरसे काढून ठेवू नयेत, आणि ‘आता बरंच कमी झालंय’ असे रोज सकाळी सांगूही नये. रोज ऐकले की ते खोटे वाटू लागते. माणूस जेवायला पानावर येईनासा झाला, फोन घेईनासा झाला, लग्नाच्या आमंत्रणाला प्रकृतीची सबब सांगू लागला, तर ही प्रकृतीचीच बाब समजून डॉक्टरांशी बोलावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीकडून आरशापुढचा सराव करून घेण्याचा आग्रह धरू नये. त्यांच्यासाठी डोळ्याची निगा आणि हलका हात पुरेसा आहे.

लकवा तीन आठवड्यांनंतरही हळूहळू वाढतच असेल, चार महिन्यांत काहीच हालचाल आली नसेल, दोन्ही बाजूंना झाला असेल किंवा पुन्हा पुन्हा त्याच बाजूला होत असेल, तर तो बेल्स पाल्सी म्हणून सोडून देऊ नये. गाठ, कानाचा जुना आजार किंवा आपल्याकडे आजही आढळणारा कुष्ठरोग, यांची तपासणी व्हायला हवी. कुष्ठरोगात पापणी न मिटणे हे महत्त्वाचे लक्षण असू शकते, आणि तो औषधांनी पूर्ण बरा होतो. जोडहालचाल फार त्रासदायक असेल तर बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने काही महिन्यांपुरती तिला शांत करतात. त्या काळात केलेला आरशापुढचा सराव अधिक फळतो. डोळा दीर्घकाळ मिटतच नसेल तर वरच्या पापणीत लहानसे वजन बसवण्याची शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे.

सुधारणा इतकी सावकाश होते की रोज पाहणाऱ्याला ती दिसत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी, त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, पाच छायाचित्रे घ्यावीत : चेहरा सैल असताना, भुवया वर करून, डोळे हलके मिटून, मिटल्या ओठांनी हसून आणि ओठांचा चंबू करून. मागे तारीख लिहावी, किंवा मोबाइलमध्ये वेगळा संच करून ठेवावा. ती कोणालाही पाठवू नयेत. पुढच्या तपासणीला जाताना तेवढी सोबत न्यावीत.